वायरीवरचं नेट

फोनचं नेट कॉम्प्युटरला द्यायचं म्हटलं की हात आपोआप हॉटस्पॉटकडे जातो. त्याच पानावर थोडं खाली ‘यूएसबी टेदरिंग’ (म्हणजे फोनचं नेट केबलवरून कॉम्प्युटरला देणं) हे बटण करडं होऊन पडलेलं असतं. दाबून दाबलं जात नाही, म्हणून बरेच जण समजतात की आपल्या फोनात ही सोयच नाही. सोय असते. फक्त केबलच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर लागल्याशिवाय ते बटण जागं होत नाही. चार्जरला जोडून कितीही वाट पाहा, उपयोग नाही.

कॉम्प्युटरला जोडूनही बटण करडंच राहिलं, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. ट्रिमर नाहीतर हेडफोनबरोबर फुकट आलेल्या केबलीत डेटाच्या तारा पुष्कळदा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, त्यामुळे केबल चांगली आहे असं वाटत राहतं आणि माणूस सेटिंग धुंडाळत बसतो. परीक्षा सोपी आहे. याच केबलने फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात का ते पाहावं. नाही आले, तर केबल बदलावी.

बटण चालू झालं की फोन स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणून सादर करतो. विंडोजमध्ये ‘रिमोट एनडीआयएस’ असं भारदस्त नाव झळकतं, लिनक्सवर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरला मात्र ही एनडीआयएसची बोली येत नाही; एनसीएम ही दुसरी बोली वापरणारे काही नवे अँड्रॉइड फोन तिथे चालतात, बाकीच्यांसाठी हॉटस्पॉट बरा. आयफोनची रीत वेगळी. पर्सनल हॉटस्पॉट चालू करायचा, केबल लावायची आणि ‘ट्रस्ट’ म्हणायचं. विंडोजवर अ‍ॅपलचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला जोडलेलं उपकरण ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो, तो आयट्यून्सबरोबर येतो.

या वायरीची खरी किंमत कळते ती नव्याने विंडोज टाकल्यावर. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही! अशा वेळी अँड्रॉइड फोन जोडावा. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे फोन वायफायवर असेल तर तो तेच वायफाय वायरीवरून पुढे देतो, सिमचा डेटा खर्चच होत नाही. वायफाय कार्ड नसलेल्या जुन्या डेस्कटॉपला हे आयतं कार्ड मिळालं म्हणायचं. आयफोन हा उदारपणा दाखवत नाही. तो फक्त मोबाइल डेटा वाटतो.

आता यातली गोम. कॉम्प्युटरच्या लेखी हे इथरनेट आहे, म्हणजे भिंतीतून आलेलं, अमर्याद. त्यामुळे विंडोज निर्धास्तपणे अपडेट ओढायला लागतं, क्लाउडवर फोटो चढायला लागतात आणि दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो. जोडल्या जोडल्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट, आणि तिथलं ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे हे नेट मोजूनमापून वापरायचं आहे ही खूण, चालू करावं. तेवढ्यावर विसंबू मात्र नये. काही फोन दर वेळी नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) घेऊन येतात, विंडोजला ते नवंच नेटवर्क वाटतं आणि मीटर्डची खूण पुसली जाते. शिवाय फोनवर व्हीपीएन (नेटची वाहतूक झाकून नेणारी सोय) असलं तरी साधारणपणे ते कॉम्प्युटरला लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

केबल जरा हलली की टेदरिंग बंद, आणि पुन्हा बटण दाबणं आलं. रोजचं काम असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत दिसणाऱ्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडावेत आणि ‘डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’मध्ये टेदरिंग निवडावं. मग केबल लावून फोनचं कुलूप उघडलं की झालं.

सगळं जोडलेलं दिसतं आणि पान काही उघडत नाही, तेव्हा कॉम्प्युटरला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, पाहावा. १६९.२५४ने सुरू होत असेल तर फोनने पत्ता दिलेलाच नाही. टेदरिंग बंद करून पुन्हा चालू करावं. पत्ता नीट असेल, आयफोनवर तो १७२.२०.१० असा सुरू होतो, तर वायरीला दोष देऊ नये, फोनचा डेटा तपासावा.

वेगाची काळजी सहसा नको. यूएसबी २.०ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, अडतं ते बहुधा मोबाइल नेटवर्कवर. चार्जिंग होतं खरं, पण जुना पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतो, आणि तेही लॅपटॉपच्या बॅटरीतून. रेंज कमी असेल तर लांब केबल घेऊन फोन सरळ खिडकीत ठेवावा. पाच मीटरच्या पुढे मात्र जाऊ नये, आणि स्वस्तातली बारीक केबल असेल तर त्याच्या आतच कनेक्शन तुटायला लागतं.