चाचणीचे सात दिवस

अण्णांच्या डाव्या पोटरीला लेंग्याचे कापड नुसते घासले तरी ते दचकून पाय आखडून घेत. एस.टी.त ३४ वर्षे चालक म्हणून काढल्यावर कमरेची चकती सरकली, शस्त्रक्रिया झाली, तीन वर्षांनी दुसरी झाली आणि दोन्ही वेळा नंतरच्या एमआरआयमध्ये शीर मोकळी झालेली दिसली. कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत उतरणारी जळजळ मात्र तशीच राहिली. दवाखान्याचा जिना उतरताना त्यांनी मला विचारले होते, "चित्रात काही नाही, मग पायात कुठून येतंय गं हे?" या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला आम्हाला पुढची दोन वर्षे लागली, आणि तोवर घरातल्या काही माणसांनी त्यांना मनाने खचलेले ठरवूनही टाकले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर असे होते की शिरेवरचा दाब काढला, तरी दबलेल्या काळात तिला झालेली इजा भरून येतेच असे नाही. अशी दुखावलेली शीर कारण नसतानाही वेदनेचे संदेश पाठवत राहते आणि मज्जारज्जू व मेंदू त्या संदेशांना अधिकाधिक संवेदनशील होत जातात. या वेदनेवर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. शिरांच्या दुखण्यासाठी देतात त्या गोळ्यांनी अण्णांना दिवसभर गुंगी येई, आणि डोस वाढवला की तोल जाई.

वेदना विभागातल्या डॉक्टरांनी मज्जारज्जूला विद्युत उत्तेजन देण्याच्या उपचाराची माहिती दिली, तेव्हा आधी त्यामागचा विचार समजावून सांगितला. कोपर दारावर आपटले की आपण ते चोळतो आणि थोडे बरे वाटते. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचून वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, अशी मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली केली होती. तिचा आधार घेऊन १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनांनी त्रस्त असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूपाशी पहिल्यांदा असे उपकरण बसवले. मूळ मांडणीत पुढे बरेच बदल झाले, पण उपचार टिकला. आज जाड सुईतून बारीक तार मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत सरकवतात, तिच्या टोकावरच्या इलेक्ट्रोडमधून सौम्य स्पंदने देतात आणि ती स्पंदने निर्माण करणारे, बॅटरीवर चालणारे लहान यंत्र कुल्ह्याच्या वरच्या भागात त्वचेखाली बसवतात. मूळ दुखापत यातून बरी होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कायमचे यंत्र बसवण्याआधी चाचणी घेतात. तार आत असते, यंत्र बाहेर कमरेच्या पट्ट्यात असते, आणि साधारण आठवडाभरात वेदना निम्म्याने तरी कमी झाली तरच पुढे जातात. अण्णांना स्थानिक भूल देऊन टेबलावर पालथे झोपवले होते; एक्स-रेच्या पडद्यावर पाहत डॉक्टर तार वर-खाली सरकवत होते आणि "आता मुंग्या कुठे येतात?" असे विचारत होते. फासळ्या, मांडी असे करत त्या मुंग्या पोटरीवर येऊन थांबल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "इथंच. हलवू नका."

याच आठवड्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. एवढी वर्षे दुखणे सोसलेला माणूस, काही लाखांचा खर्च आणि डोळे लावून बसलेले घर एकत्र आले की आशाच वेदना कमी करते, आणि त्यात लबाडी मुळीच नसते. पहिल्या दोन दिवसांत अण्णांनी वेदनेचा दहापैकी आकडा ८ वरून २ वर आणला. पण ते दोन्ही दिवस ते बहुतेक वेळ पडूनच होते. म्हणून आम्ही वहीत वेदनेच्या आकड्याबरोबर सलग किती झोप लागली, किती मिनिटे चालणे झाले, जेवताना किती वेळ बसता आले आणि किती गोळ्या घेतल्या, हेही लिहू लागलो. चौथ्या दिवसापासून खरे चित्र दिसले: पायाची वेदना ४ वर स्थिरावली, कंबर जशीच्या तशी दुखत राहिली, पण रात्री सलग साडेपाच तास झोप लागली आणि ते मारुतीच्या देवळापर्यंत न थांबता चालत गेले. त्या नोंदींवर आम्ही होकार दिला.

या उपचाराबद्दल वैद्यकीय जगातही एकमत नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पाय दुखत राहिलेल्या १०० रुग्णांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी उत्तेजन घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के लोकांच्या पायाची वेदना निम्म्याने कमी झाली होती, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ९ टक्के लोकांची. पण आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे, हे त्या रुग्णांना माहीत होते. उलट नॉर्वेतल्या ५० रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंग्या जाणवू न देणारी पद्धत वापरून, रुग्णांना कळू न देता यंत्र कधी चालू तर कधी बंद ठेवले, आणि रोजच्या हालचालींत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यास वाचल्यावर त्या वहीचे मोल मला अधिकच कळले.

कायमचे यंत्र बसवल्यावर सहा आठवडे वाकणे, कंबर वळवणे आणि हात डोक्यावर नेणे बंद होते. तरीही तिसऱ्या महिन्यात तार किंचित सरकली आणि पोटरीऐवजी बरगडीत मुंग्या येऊ लागल्या. सुदैवाने दुसरे इलेक्ट्रोड चालू करून भागले, पुन्हा चिरफाड करावी लागली नाही. उताणे झोपले की मज्जारज्जू तारेजवळ येतो आणि मुंग्या एकदम वाढतात, म्हणून अण्णा पाठ टेकण्याआधी रिमोटवर जोर कमी करतात. मुंग्या चालू असताना गाडी चालवू नका, असे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

आता या गोष्टीला पावणेदोन वर्षे झाली. गुंगी आणणाऱ्या त्या शिरांच्या गोळ्या दिवसाला तीनवरून एकवर आल्या आहेत. दर रविवारी ते चार्जिंगचा पट्टा कमरेला बांधून ओसरीवर बसतात आणि वही अजूनही लिहितात. गेल्या महिन्यापासून घोट्याजवळची जळजळ वाढल्याच्या आणि झोप चार तासांवर आल्याच्या नोंदी तिच्यात दिसत आहेत, म्हणून येत्या मंगळवारी ती वही घेऊन आम्ही पुन्हा प्रोग्रॅमिंगसाठी, म्हणजे यंत्राची स्पंदने नव्याने जुळवून घ्यायला, जाणार आहोत.