चोरून घेतलेला श्वास

गाणं शिकवणारे सगळे गुरुजी विद्यार्थ्याला चोरी शिकवतात. श्वासाची. दम संपत आला की कुठल्या अक्षराच्या आडोशाला तो भरून घ्यायचा, खांदे न उचलता आणि नाक न वाजवता, याची तालीम ख्यालात काय आणि भावगीतात काय, सारखीच असते. श्रोत्याला कळलं की चोरी फसली. पण एकटा माणूस चोरी करून करून किती करणार? केव्हातरी सूर सोडावाच लागतो.

कोरसमध्ये ही चोरी टोळीने करता येते. नियम साधे आहेत. शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. जिथे घ्यावासा वाटतो, म्हणजे ओळीच्या शेवटी, तिथे तर मुळीच नाही. हळूच बाहेर पडायचं, आणि परत येताना पाऊल न वाजवता सुरात शिरायचं. पंचवीस-तीस जणांनी हे नीट पाळलं तर एकच सूर कितीही वेळ टिकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसांना फुप्फुसं आहेत की विहिरी!

मला या टोळ्यांच्या म्होरक्यांविषयी, म्हणजे कंडक्टरविषयी, फार कुतूहल आहे. हा गृहस्थ स्वतः काहीच वाजवत नाही, गात नाही, श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि शेवटी टाळ्या मात्र सर्वांत आधी घेतो. कोरसचे कंडक्टर तर बहुधा हातात छडीसुद्धा घेत नाहीत. नुसते पंजे. हात वर जातो, त्याबरोबर तो स्वतः श्वास घेतो, आणि समोरचे सगळे नकळत तसाच घेतात. त्याने वरवरचा, छातीतला श्वास घेतला तर कोरसचा पहिला सूर घाबरट लागतो. पोटातून घेतला तर सूर जमिनीवर पाय रोवून येतो. म्हणजे आवाज सुरू व्हायच्या आधीच त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

यातला माझा सर्वांत आवडता कंडक्टर एस्टोनियाचा. तोनू काल्युस्ते. एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा तेरा-चौदा लाख वस्तीचा देश, पुणे शहराच्या निम्म्याहूनही लहान. पण गाण्याचं वेड असं, की १८६९ साली तार्तू गावात सुरू झालेला त्यांचा गाण्याचा उत्सव आजही दर पाच वर्षांनी राजधानी तालिनमध्ये भरतो आणि हजारो गायक एका कमानीखाली उभे राहून गातात. १९८८च्या उन्हाळ्यात तिथेच रात्र रात्र जागून लोकांनी बंदी असलेली गाणी म्हटली. तीन वर्षांनी देश सोव्हिएत संघातून मोकळा झाला. निव्वळ गाण्यांनी झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण गाण्यांशिवाय झाला असंही कोणी एस्टोनियन म्हणणार नाही.

काल्युस्ते अशा देशात, आणि अशाच घरात जन्मला, १९५३ साली. वडील हेइनो काल्युस्ते कोरसचे कंडक्टर आणि संगीतशिक्षक. शाळकरी मुलांसाठी त्यांनी ‘यो-ले-मि’ ही स्वरपद्धत रुजवली. तिच्यातला ‘यो’ कुठल्याही पट्टीत धरता येतो, अगदी आपल्या सा सारखा. युरोपातल्या एका कोपऱ्यात पोरं ‘आज आमचा सा काळी दोन’ अशा धर्तीवर गाणं शिकत होती, हे वाचल्यावर मला तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला. वडिलांनी उभ्या केलेल्या हौशी कोरसमधूनच मुलाने १९८१ मध्ये एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर हा पूर्णवेळ गायकांचा संच उभा केला. हजारोंनी एकत्र गाणाऱ्या देशात फक्त वीस-पंचवीस जण. हजारांमध्ये तुमचा श्वास फसला तरी खपून जातो. इथे लपायला जागा नाही.

१९९३ साली त्याने कोरसच्या जोडीला तालिन चेंबर ऑर्केस्ट्रा काढला, मुख्यतः तंतुवाद्यांचा. खरी गंमत मला इथे वाटते. व्हायोलिनला श्वास लागत नाही. बासरीवाला थांबतो, गायक थांबतो, व्हायोलिनवाला गज फिरवून पुढे चालू. म्हणूनच की काय, तंतुवाद्यांचे ताफे कधी कधी न थांबता बोलणाऱ्या पाहुण्यासारखे वाटतात. कोरसमध्ये वाढलेला माणूस त्यांच्यासमोर उभा राहिला की तो त्यांनाही श्वास घ्यायला लावतो. हात वर गेला की सगळे गज तारेवर टेकायच्या आधी क्षणभर अधांतरी राहतात. लांब सूर धरायचा असेल तर प्रत्येकाने गज वेगवेगळ्या जागी फिरवायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. कोरसचीच चोरी, हत्यार तेवढं बदललं.

या दोन्ही संचांनी आर्वो पॅर्त या एस्टोनियन संगीतकाराने बांधलेलं ‘ते देउम’ हे जुनं लॅटिन स्तोत्र काल्युस्तेच्या हाताखाली १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. तीन कोरस, तंतुवाद्यं, पियानो, आणि टेपवर वाऱ्याने वाजणाऱ्या हार्पचा खर्ज. तो खर्ज सुरू झाला की आपला कान आपोआप तानपुऱ्याच्या शोधात निघतो. पॅर्तची रीतही आपल्याला चटकन उमगणारी आहे. १९७६ पासून त्याने ती धरली. दोन आवाज असतात. एक पायरी पायरीने वर-खाली चालतो, दुसरा फक्त सा, ग, प या तीन सुरांपैकी जवळचा सूर घेऊन त्याच्या बाजूला घंटेसारखा वाजत राहतो. बस, एवढंच. इतकं उघडं संगीत, की एकाचा श्वास जरी ऐकू आला तरी डागासारखा दिसतो. (सिनेमावाल्यांनी दुःखाच्या प्रसंगांना पॅर्त इतका वापरलाय की आता मला त्याचे पहिले दोन सूर ऐकले की पडद्यावर कोण वारलं असं वाटतं. त्याला पॅर्तचा इलाज नाही.)

जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलला ७५० वर्षं झाली त्या निमित्ताने पॅर्तने ‘कानोन पोकायानेन’ लिहिलं आणि ते काल्युस्ते आणि त्याच्या कोरसला अर्पण केलं. सव्वा तासाहून मोठं. वाद्य एकही नाही. चर्च स्लाव्होनिक या ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रार्थनेच्या भाषेतला जुना पश्चात्तापाचा पाठ, आणि सूर धरायला फक्त शेजारचा माणूस. त्याचं ध्वनिमुद्रण तालिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये झालं. १९४४च्या बाँबवर्षावात हे चर्च जळालं, पुढे सोव्हिएत काळातच ते दुरुस्त करून संग्रहालय आणि मैफलीची जागा केली. तिथे पंधराव्या शतकातलं एक लांबलचक चित्र टांगलेलं आहे. त्यात मृत्यू राजा-राणीपासून सगळ्यांचे हात धरून नाचतो आहे. त्याच छताखाली माणसं सव्वा तास पश्चात्ताप गातात. मी ते सलग एका बैठकीत ऐकू शकत नाही, हेही सांगून टाकतो. मधे चहा लागतो.

पण काल्युस्तेचं जे काम मला सर्वांत जवळचं आहे ते पॅर्तचं नाही, वेल्यो टॉर्मिस या दुसऱ्या एस्टोनियन संगीतकाराचं आहे. टॉर्मिसने १९७० ते १९८९ अशी वीसेक वर्षं बाल्टिक काठच्या विझत चाललेल्या भाषांमधली लोकगीतं घेऊन कोरससाठी गीतमाला लिहिल्या: लिवोनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन, वेप्स, कारेलियन. सगळ्यांचं मिळून नाव ‘विस्मृत लोक’. काल्युस्तेच्या कोरसने ती सगळी गायली. लिवोनियन ही मातृभाषा असलेली शेवटची बाई २०१३ साली कॅनडात वारली. ज्या भाषेत भाजी मागायला आता कोणी नाही, ती भाषा कोरसच्या तालमीत मात्र उच्चारासकट घोकली जाते.

एस्टोनियाची जुनी लोकगीतं, रेगिलाउल, आठ-आठ अक्षरांच्या ओळींची असतात. आपला छोटा अभंगही आठ अक्षरी चरणाचा. पुढे गाणारी एकजण, बहुधा बाईच. ती ओळ म्हणते आणि बाकीच्या तीच ओळ परत म्हणतात. पण त्या ती संपायची वाट बघत नाहीत. शेवटच्या एक-दोन अक्षरांवरच आत शिरतात. तिची पाळी आली की तीही तसंच करते. त्यामुळे गाणं कुठेच तुटत नाही आणि प्रत्येकीला दम घ्यायला पुरेपूर वेळ मिळतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी दुसरं काय करतो? शाहिराचा शेवटचा शब्द हवेत असतानाच तो वरच्या सुरात झेलतो, तेवढ्यात शाहीर घोटभर श्वास पिऊन पुढच्या चौकाला तयार. वारीच्या दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा अभंगाचे चरण असेच एकमेकींच्या हाती देत मैलोनमैल चालतात. त्यांना कोणी कंडक्टर लागत नाही. वीणेकरी असतो, पण तो काही पंजे हलवत नाही.

माझी आत्या सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ चालवते आणि या बाबतीत तिचं मत काल्युस्तेइतकंच कडक आहे. ‘ओळ संपल्यावर कसली धरतेस? ती काय एसटी आहे, सुटल्यावर मागे पळायला?’ असं ती नव्या सुनांना सर्वांसमोर म्हणते. तिला मी टॉर्मिसची गाणी ऐकवली. डोळे मिटून तिने चार ओळी ऐकल्या. भाषेविषयी एक शब्द विचारला नाही. झील छान धरतात म्हणाली, डावीकडच्या बायका जरा घाई करतात म्हणाली, आणि मग, यांच्याकडे मृदंग नाही का?

मृदंग नाही, पण ढोलासारखं काहीतरी आहे म्हणालो, आणि टॉर्मिसचं १९७२चं ‘राउआ नेडमिने’ लावलं. लोखंडाला दिलेला शाप. मांत्रिकाच्या कातडी ढोलावर एकच ठोका चालतो आणि कोरस लोखंडाला त्याच्या जन्माची आठवण करून देत तलवारीपासून बाँबपर्यंत सगळ्याचा उद्धार करतो. कोरस गात, फुसफुसत, ओरडत जातो, आणि तिथे श्वास अजिबात लपवलेला नाही, उलट तोच वाजवलाय. आत्याने आवाज मोठा करायला सांगितला.