व्यंकटी

विम्याचे दावे तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. फाइल हातात आली की मी ती मागून उघडायचो. आधी बिलं, मग माणूस. पावत्या एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेल्या आहेत का, साक्षीदार दावेदाराचा मेव्हणा तर नाही, हे बघायचं. बहुतेक दावे खरे असायचे, पण लक्षात राहायचे ते खोटे. निवृत्तीनंतर तत्त्वज्ञानाचं एम.ए. करायला घेतलं, तेव्हा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज वाचून आपल्याच खात्यातला साहेब भेटल्यासारखं वाटलं. इंग्लंडमधलं यादवी युद्ध पाहिलेल्या या माणसाने १६५१ साली लिहिलं की सगळ्यांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल, तर माणसाचं जगणं एकाकी, दरिद्री, ओंगळ, रानटी आणि अल्पायुषी होईल. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘बरोबर’. तत्त्वज्ञ रूसोच्या १७५५ सालच्या निबंधात माणूस मुळात निरुपद्रवी होता, समाजाने त्याला बिघडवलं, असं आलं. तिथे मी प्रश्नचिन्ह काढलं.

अशा डोक्याने मी पंढरीच्या वारीसाठी आळंदीला पोचलो. मित्राच्या गावच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाणाची वर्गणी, भरली, ओळखपत्र मिळालं. पुढच्या बाजूला माउलींचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात, ‘मौल्यवान वस्तू सोबत आणू नयेत. चोरीस गेल्यास दिंडी जबाबदार राहणार नाही.’ सवयीने मी कार्डाची मागची बाजूच आधी वाचली होती.

पहिले तीन-चार दिवस ‘माउली’ या शब्दाने मला फार अवघडायला झालं. रस्ता हवा असेल तर ‘माउली’, भाजी हवी असेल तर ‘माउली’, तुमच्या पायावर कुणाचा पाय पडला तरी ‘माउली’. दिवे घाट चढताना एका वळणावर मी दम खायला थांबलो होतो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असलेला एक माणूस समोर आला, वाकला, माझ्या पायांना हात लावला. मी गडबडून त्याच्या पाया पडलो, तो पुढे गेला. आणि मी पहिली गोष्ट काय केली, तर खिसा चाचपला. पाकीट जागच्या जागी होतं. एवढ्या चढावर घाम आधीच आला होता म्हणून बरं, नाहीतर शरमेचा वेगळा दिसला असता.

सासवडला दोन मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेरून माझ्या चपला गेल्या. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. हॉब्ज जिंकला. नव्या चपला घेतल्या आणि जेजुरीपर्यंत चोराचं चित्र रंगवत गेलो. तो माळकरी असणार की नुसता गर्दीत घुसलेला, त्याने आधी चपला हेरून ठेवल्या असतील का, वगैरे. बघता बघता मनात एक फाइलच तयार झाली.

जेजुरीहून वाल्ह्याकडे जाताना ऊन होतं. टँकरपाशी झुंबड. माझी बाटली रिकामी, डोकं तापलेलं. मी कोपर लावून पुढे घुसलो आणि कळशी घेऊन उभ्या असलेल्या एका आजींना असा धक्का लागला की त्या गुडघ्यावर बसल्या. कळशी घरंगळत गेली. त्यांनी वर पाहिलं आणि ओरडल्या, “डोळं फुटलं का काय, माउली!”

मी कळशी आणून दिली, भरून दिली. त्या पुटपुटत निघून गेल्या. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शिवी आणि माउली एकाच दमात. त्यांना माझ्याबद्दल काही गैरसमज नव्हता. मी आंधळ्यासारखा धडकलो हे त्यांना नीट कळलं होतं, तरी संबोधन काही बदललं नाही. माझ्या सत्तावीस वर्षांत मी यांतलं एकच काय ते वापरलं होतं. दुसरं वापरणारी माणसंही पाहिली आहेत, सगळ्यांना गोड बोलणारी. ती शेवटी फसतात किंवा फसवतात.

चिनी विचारवंत मेन्शियस म्हणतो, विहिरीत पडू पाहणारं पोर दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं. आईबापांची मर्जी मिळावी किंवा गावात नाव व्हावं म्हणून नव्हे, आपसूक होतं. तोच त्याला भलेपणाचा कोंब वाटतो. त्याच्या नंतरच्या शुन्त्सला हे मान्य नाही. तो म्हणतो, माणसाचं लाकूड मुळात वाकडं, वाफ देऊन साच्यात दाबल्याशिवाय ते सरळ होत नाही. आजी पडल्या तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं होतं, हे मेन्शियसच्या बाजूचं. पण ते त्या पडल्यावर झालं. कोपर मारताना काहीच झालं नव्हतं.

वाल्ह्याच्या तळावर समाजआरती मी पहिल्यांदा नीट पाहिली. आधी मागेच उभा राहायचो. पालखी मध्ये, भोवती दिंड्या, हजारो टाळ एकदम चाललेले. सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो, ‘हो’ अशी आरोळी देतो, आणि एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. मग ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. त्या दिवशी एका कोपऱ्यातून टाळ थांबेनात. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, तेव्हा आवाज थांबला. कुणीतरी सांगितलं, मुक्कामाच्या जागेवरून वाद होता. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची घोषणा. एक चष्मा, पितळी तांब्या, कमरेची पैशाची पिशवी. मग उद्याची वेळ, मग आरती.

मी नोकरीत असंख्य नियमावल्या वाचल्या, पण इतकी शहाणी व्यवस्था क्वचितच पाहिली. पाया पडणाऱ्यांच्या मेळ्यात रोज संध्याकाळी तक्रारीला जागा राखून ठेवली आहे, म्हणजे भांडणं होणार हे गृहीत धरलं आहे. पिशव्या हरवणार हेही, आणि कुणीतरी त्या आणून देणार हेही. पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. गावी परतताना लुटारूंनी त्यांना पकडलं, गुहेत कोंडलं आणि शेवटी सोडून दिलं, अशी कथा सांगतात. तेव्हा फौजही पाहिलेली आणि लुटारूही. दिंड्यांचे क्रमांक, चालण्याचा क्रम, चोपदार हे सगळं अशा माणसाला सुचलं याचं मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की हे सगळं त्याने भजनासाठी केलं.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, त्याबद्दल इतरांनी इतकं लिहिलं आहे की मी भर घालत नाही. मला आठवतं ते फलटणनंतरचं. बरडला रात्री पाऊस, पहाटे अंधार, तंबूबाहेर चपलांचा चिखलात लडबडलेला ढीग. पायाला बसल्या त्या घातल्या आणि निघालो. दुपारच्या विसाव्याला चिखल वाळून पडला, तेव्हा पट्टे दिसले. त्या माझ्या नव्हत्या. माझ्यापेक्षा बऱ्या होत्या, आणि टाचेला लागत नव्हत्या. लगेच चौकशी करायला हवी होती. मी केली नाही. संध्याकाळी करू, म्हटलं. नातेपुत्यात तंबूबाहेर मुद्दाम समोर काढून ठेवल्या, कुणी ओळखून नेल्या तर नेईल. सकाळी त्या तिथेच होत्या, आणि मला आनंद झाला. त्याच वेळी सासवडच्या चोराची माझी फाइल बंद झाली. त्याने जे केलं असेल ते बहुधा इतकंच असेल.

हे मी आमच्या विणेकऱ्यांना, म्हणजे दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्यांना, सांगितलं. ऊस आणि कांदा करणारे गृहस्थ, चालताना बोलणं त्यांना आवडत नाही. रात्री पसायदान झाल्यावर म्हणाले, “आता बोला.” मी म्हटलं, लहानपणापासून म्हणतोय, पण ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे आज ऐकू आलं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्ट मरोत असं मागितलेलं नाही, वाकडेपणा गळून पडो असं आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८४ साली लिहिलं की माणूस ज्या वाकड्या लाकडाचा झाला आहे, त्यातून पूर्ण सरळ काही घडणं नाही. त्याच्या मते वाकडेपणा लाकडातच आहे, शुन्त्सच्या मते तो दाबून काढायचा, आणि ज्ञानेश्वरांच्या शब्दात तो हातातली वस्तू सुटावी तसा सांडतो.

विणेकरी म्हणाले, “पुढचं म्हणा की. ‘तयां सत्कर्मी रती वाढो.’ नुसतं सांडून काय उपेग? गोडी लागायला पाहिजे.” आणि पांघरूण ओढून झोपले.

त्यांनी ॲरिस्टॉटल वाचला नव्हता. पण तो हेच म्हणतो. सद्गुण निसर्गाने आपल्यात येत नाहीत आणि निसर्गाविरुद्धही येत नाहीत. ते घेण्याची पात्रता असते, बाकी सवयीने होतं, आणि ते करताना आनंद वाटू लागला की समजावं, रुजलं. रोज शंभर लोकांना माउली म्हणण्याचा उद्योग मग मला वेगळा दिसू लागला. पहिल्या दिवशी ते खोटंच असतं. दहाव्या दिवशी तितकं खोटं नसतं. अर्थात वारीहून परतून भावाच्या बांधावर दावा लावणारे माळकरीही आहेत, आणि त्यांच्या बाबतीत ही सवय कुठे अडते हे मला अजून कळलेलं नाही.

वेळापूरला उतारावर सगळे धावले. तुकाराम महाराजांना इथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, त्याची ही आठवण. गुडघे दुखत असताना मीही धावलो.

पंढरपुरात दर्शनाची रांग पाहून मी कळसाला हात जोडले आणि नामदेव पायरीसमोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी जाऊन बसलो. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ म्हणणारा माणूस. डोंगा म्हणजे वाकडाच. पण त्या वाकडेपणात त्याचं स्वतःचं काय होतं? लोकांनी जातीवरून ठरवलं होतं, आणि म्हणून तो दाराबाहेर राहिला. त्याच्या समाजाला मंदिरात जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. शिस्त, क्रम, परंपरा यांचं मी वर कौतुक केलं आहे. इथे बसून ते पुन्हा तपासावं लागलं. साचाच वाकडा असला तर त्यात दाबलेलं लाकूड कसं निघणार, हे शुन्त्सला विचारायला हवं होतं.

तेवढ्यात एक तरुण समोर आला. पाठीवरची पिशवी काढून माझ्या शेजारी ठेवली, चपला काढून तिच्यावर ठेवल्या.

“माउली, जरा बघता का? आलोच.”

माझ्या होकाराची वाट न बघता तो गर्दीत गेला. त्याने माझ्या तोंडाकडेही धड पाहिलं नव्हतं. मी बरडच्या चपला घालून, त्याच्या चपलांवर नजर ठेवून, पाऊण तास तिथून हललो नाही.