अडीचच्या आत

सकाळचे १० वाजून ४० मिनिटं झाली होती. आमच्या तपासणीच्या टेबलावर ठेवलेले तीन मोबाइल एकदम थरथरले. टेबल पत्र्याचं, त्यामुळे असा काही खडखडाट झाला की पलीकडे छपाईच्या मशीनवर असलेल्या मामांनीही मान वर केली. तिघींनी हात पुसले, आपापला मोबाइल पाहिला आणि मग एकमेकींकडे पाहिलं. शाळेचा निरोप होता. पाण्याची मोठी लाइन फुटली आहे, शाळा सोडत आहोत, मुलांना लगेच घेऊन जा.

माझा लेबलं छापायचा छोटा कारखाना आहे. बाटल्यांवर, डब्यांवर, खोक्यांवर चिकटवायची रोलमधली लेबलं. त्या दिवशी दुपारी ४ वाजता गाडी येणार होती आणि २४ रोल जायचे होते, एका रोलमध्ये २,००० लेबलं. छापून सगळी झाली होती. तपासून, मोजून, लहान नळ्यांवर गुंडाळून द्यायची होती. हे काम करणाऱ्या तिघीजणी दहा मिनिटांत पर्स उचलून निघणार, हे मला दिसत होतं. अडवायला तोंड नव्हतं, कारण ‘शाळेच्या वेळेतलं काम’ ही जाहिरात मीच दिलेली होती.

त्या जाहिरातीमागे मोठं मन वगैरे काही नव्हतं, अडचण होती. तपासणीच्या जागेवर पूर्ण वेळ माणूस टिकत नव्हता. वर्षभरात चार जण आले आणि गेले. काम नजरेचं. उजेडाखालून सरकणाऱ्या पट्टीवर डोळा ठेवायचा, डाग दिसला की मशीन थांबवायचं, तेवढा तुकडा कापून जोड द्यायचा. पाच तासांनंतर कुणाचीही नजर भरकटते, आणि आमच्याकडे परत आलेला बहुतेक माल संध्याकाळच्या पाळीतला असायचा. हे मला कळत होतं, पण पाच तासांची नोकरी म्हणजे काहीतरी अर्धवट, असंच डोक्यात बसलेलं.

ते डोक्यातून काढलं माझ्या बहिणीने. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि कित्येक वर्षं दुपारी घरी जाते. मी विचारलं, तू गेल्यावर तुझ्या गिऱ्हाइकांचं काय? ती म्हणाली, ‘काय म्हणजे? पुढची येते. कुणाला कुठलं औषध चालू आहे ते कॉम्प्युटरवर असतं, माझ्या डोक्यात नसतं.’ पुढे २०२३ मध्ये क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्या कामाबद्दल वाचताना फार्मासिस्टचंच उदाहरण समोर आलं. एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो अशी कामाची घडी बसली, म्हणून त्या पेशात कमी तास काम करणाऱ्याला तासामागे कमी पैसे मिळणं जवळपास थांबलं, असं त्या सांगतात. बहीण हेच मला एका वाक्यात सांगून मोकळी झाली होती.

जाहिरातीत लिहिलं: सकाळी ९.३० ते दुपारी २.३०, शाळेला सुट्टी तेव्हा कामाला सुट्टी. ज्या जागेसाठी एरवी महिन्यात दोन फोन यायचे, तिच्यासाठी तीन दिवसांत ३१ अर्ज आले. पहिली निवडली ती एका प्रयोगशाळेत आठ वर्षं काम केलेली बाई. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणतात, मीसुद्धा. मुलाखतीत तिने पगाराआधी एकच विचारलं, ‘सर, अडीच म्हणजे अडीचच ना?’ आधीच्या एका ठिकाणी तिला अर्धवेळ म्हणून घेतलं होतं. पगार अर्धा आणि फोन पूर्ण वेळ.

मी हो म्हणालो खरा. पण पहिले दोन महिने, का कोण जाणे, मला सगळं महत्त्वाचं २.२५ लाच आठवायचं. ताई काही बोलायची नाही. पर्सचा पट्टा खांद्यावर घेऊन, एक पाय दाराच्या दिशेला ठेवून उभी राहायची. तो पाय बघून मीच ओशाळलो आणि रोजचं बोलणं सकाळी ११ ला घ्यायला लागलो.

पगाराचाही घोळ मी घालणारच होतो. अर्धवेळ आहे तर तासाचा दर थोडा कमी ठेवू, असा हिशेब मनात होता. माझ्या हिशेबनीसाने चष्म्यावरून पाहत विचारलं, ‘का? तिची लेबलं कमी चिकटतात का?’ आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९४ चा अर्धवेळ कामावरचा करार आहे, क्रमांक १७५. अर्धवेळ आहे एवढ्याच कारणाने मूळ वेतनाचा दर खाली आणू नये, तासांच्या प्रमाणात द्यावं, असं त्यात आहे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. पण कारण विचारल्यावर मलाही देता आलं नाही, म्हणून दर तोच ठेवला. वर्षाचे एकूण तास काढून पगाराचे बारा सारखे हप्ते केले, म्हणजे मोठ्या सुट्टीच्या महिन्यात हातात कमी पडायला नको. त्या सुट्टीत तपासणीला कॉलेजची दोन मुलं येतात. त्यांचं काम बरं असतं. ताईइतकं नाही.

पुढच्या दोन जागा भरताना मात्र मी आळस केला. ताईने शाळेच्या फाटकापाशी भेटणाऱ्या दोन मैत्रिणींची नावं सुचवली, दोघी हुशार, मी लगेच घेतलं. तिघींची मुलं एकाच शाळेत आहेत, एकच घंटा आणि एकच सुट्टी आहे, हे मला माहीत होतं. सोयीचं वाटलं होतं. त्याचा अर्थ मला त्या खडखडाटात कळला.

दोघी निघाल्या. ताई मात्र मशीनपाशीच थांबली, जॉब कार्ड पुढे ओढलं आणि दोनेक मिनिटं काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाली, ‘कुठवर आलंय ते लिहिलंय.’ बस, एवढंच.

मग मशीनपुढे मी आणि मामा. मामा माझ्या वडिलांच्या वेळचे मशीनमन. ही शाळेच्या वेळेची भानगड त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. ‘मी सांगत होतो, साहेब,’ एवढं म्हणून त्यांनी छपाईचं मशीन बंद केलं आणि माझ्या मदतीला आले. ते एक वाक्य त्यांनी दुपारपर्यंत चार-पाच वेळा म्हटलं असेल.

मी कार्ड उचललं. त्यावर होतं: ‘११ रोल झाले, खोक्यात. १२ वा मशीनवर, १,३४० वर थांबवलाय, तिथे कागदाची चिठ्ठी घातली आहे. नळी ७६ मि.मी. डोकं आधी. मागच्या वेळी उलट गेलं होतं.’

हे ‘डोकं आधी’ बाहेरच्याला कळणार नाही. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायचं यंत्र असतं. रोल उलगडताना लेबलाची वरची कड आधी बाहेर यायला हवी की खालची, हे त्या यंत्रावर ठरतं. आम्ही गुंडाळताना दिशा चुकवली की तिकडे प्रत्येक बाटलीवर लेबल शीर्षासन करतं. मागच्या खेपेला आमचे सहा रोल त्यापायी परत आले होते. तेव्हा मी आरडाओरडा केला होता आणि नंतर विसरूनही गेलो होतो. त्या सकाळी रोल चढवताना माझा हात सवयीने उलट्या बाजूलाच गेला. कार्ड समोर होतं म्हणून थांबलो. नळीचंही तेच. फळीवर ४० मिलिमीटरच्या नळ्या हाताशी होत्या, मी त्याच घेतल्या असत्या.

पहिला रोल गुंडाळायला मला पंचवीस मिनिटं लागली. ताईला बारा लागतात. उजेडाखालून पट्टी पळते तेव्हा डोळा तिच्यामागे पळतो आणि दोन मिनिटांत काहीच दिसेनासं होतं. नजर एका जागी ठेवून पट्टी तिच्याखालून जाऊ द्यायची असते, हे मला मामांनी सांगितलं. मालक म्हणून किती वर्षं त्या टेबलामागून फिरलोय, तिथे बसलो कधीच नव्हतो.

१२.१० ला ताईचा फोन आला. मागे एक मूल भोकाड पसरून रडत होतं. ‘सर, चौदावा रोल लावला का? त्याच्या मध्यात साठेक लेबलांचा रंग सरकलाय. मामांनी सकाळी सांगितलं होतं, माझं लिहायचं राहिलं.’ चौदावा नुकताच चढवला होता. मी मामांकडे पाहिलं. मामांनी कपाळावर हात मारला. सांगितलं त्यांनीच होतं, आणि तास-दीड तास त्या रोलशेजारी उभे राहून त्यांनाही आठवलं नव्हतं.

त्यानंतर ‘मी सांगत होतो’ पुन्हा ऐकू आलं नाही. सतराव्या रोलच्या सुमारास, पट्टीवरची नजर न हलवता, ते वेगळंच बोलले. ‘साहेब, माझी आई घरी एकटी असते. दुपारी तीननंतर शेजारचं कुणी नसतं. पोरं असली की तुम्ही वेळ विचारता. आम्हाला कुणी विचारलं नाही.’

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर मामांच्या घरी कोण कोण असतं हेच मला माहीत नव्हतं, आणि ते आमच्याकडे माझ्या आधीपासून आहेत.

गाडी ४ ला आली, २० मिनिटं थांबली आणि २२ रोल घेऊन गेली. उरलेले दोन दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने आल्या आल्या केले. गिऱ्हाइकाने कुरकुर केली, बिलातून काही कापलं नाही. चौदाव्या रोलमधली खराब लेबलं काढली होती म्हणून, एरवी कापलंच असतं.

पुढच्या काही महिन्यांत मी जागांची फिरवाफिरव केली. तिघींपैकी एक दुसरीकडे गेली, तेव्हा तिच्या जागी मुद्दाम वेगळ्या शाळेतल्या मुलीचा बाप घेतला. त्याची बायको सकाळी लवकर निघते, मुलीला आणायचं काम त्याचं. त्याच्या आधीच्या मालकाला हे पटत नव्हतं. अडीच ते सहा एक निवृत्त गृहस्थ येतात, त्यांना सकाळी उठायचा कंटाळा आहे आणि तसं त्यांनी मुलाखतीतच सांगून टाकलं. शाळा अचानक सुटण्याचा प्रसंग नंतर दोनदा आला. दोन मोबाइल वाजले, तिसरा वाजला नाही.

मामांची पाळी आता सकाळी ७ ते ३. त्यांना हवी होती ती वेळ, पण एक अट मी घातली. निघताना कार्ड लिहायचं. हे त्यांना पाळीच्या वेळेपेक्षा जड गेलं. ‘सगळं डोक्यात असतं की,’ असं आठवडाभर म्हणत होते. मी नुसतं ‘चौदावा रोल’ म्हटलं.

त्यांचं पहिलं कार्ड मी जपून ठेवलंय. मोठ्या, तिरक्या अक्षरात दोनच शब्द: ‘चालू आहे.’ आणि खाली, दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पेन्सिलीने लिहिलेलं, ‘किती?’