सात पायऱ्या आणि दुकानदाराचा 'उद्या'

चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या सात काँक्रीटच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. गेल्या श्रावणात आई त्यावरून घसरली, म्हणून या मे महिन्यात त्यांवर टाइल बसवायचे ठरवले. पोकळ वाजणारा थर फोडणे, उरलेला छिन्नीने खडबडीत करणे आणि तुटलेल्या कडा भरणे ही कामे गवंड्याने चार दिवसांत उरकली.

घोडे अडले ते टाइलपाशी. पुढे गोलसर कड आणि खाचा असलेल्या मॅट टाइलचे पूर्ण पैसे दुकानदाराने आगाऊ घेतले आणि पाचच पायऱ्यांपुरता माल पाठवला. उरलेला 'उद्या' येणार होता. गुजरातेतल्या मोरबीहून गाडी निघायची आहे, गाडी वाटेत आहे, आज हमाल नाहीत, असे ऐकत 19 दिवस गेले. तोवर घरातली सगळी ये-जा मागीलदाराने चालली होती आणि मी रोज संध्याकाळी आभाळाकडे पाहून चरफडत होतो. विसाव्या दिवशी खोकी आली, ती खळ्यात उघडली, तर पहिल्या टाइल मातकट करड्या आणि या निळसर; खोक्यांवरचे बॅच क्रमांकच वेगळे होते. "सांध्यांत ग्राउट भरल्यावर कळणार नाही, साहेब," हे दुकानदाराचे उत्तर. शेवटी गवंड्यानेच निळसर टाइल सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पायरीला लावल्या. आता पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली रचना वाटते आणि मीही ते नाकारत नाही.

तेव्हा सगळा माल घरात आल्याखेरीज आणि प्रत्येक खोक्यावरचा बॅच क्रमांक जुळवून पाहिल्याखेरीज पायरीला छिन्नी लावू देऊ नये. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली, टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. टाइलचे अॅडहेसिव्हच हवे, यावरून माझे गवंड्याशी अर्धा तास वाजले. पायरीला बाहेरच्या बाजूस पाचेक मिलिमीटर उतार ठेवावा. आणखी एक गोष्ट फोडकामाआधीच ध्यानात घ्यायला हवी होती: टाइल व अॅडहेसिव्ह मिळून दीडेक सेंटिमीटर जाडी वाढते, म्हणून पहिली पायरी तेवढी उंच होते आणि ओटीवर चढतानाची शेवटची तेवढीच बुटकी. आम्हाला खळ्याची कड आणि ओटीचा उंबरठा दोन्ही उचलून घ्यावे लागले.

दुकानदाराने दुसऱ्या खेपेची हमाली वेगळी लावली आहे. ती मी अजून दिलेली नाही.