अंगावर येणारं कुत्रं: रस्त्यात काय करायचं, चावल्यावर काय

भटक्या कुत्र्यांचं अंगावर येणं बहुतेक वेळा हद्दीपायी असतं. कचराकुंडी, चायनीजची गाडी, मटणाचं दुकान, बंद शटरसमोरची पायरी. जिथे खायला आणि झोपायला मिळतं तो तुकडा त्यांचा. दिवसाच्या वर्दळीत ती सोसतात, रात्री उशिरा आणि पहाटे राखण सुरू होते. त्यामुळे कुत्र्याला हरवायचा विचार सोडा. त्या तुकड्याबाहेर पडायचं, एवढंच आपलं काम.

भुंकणाऱ्यापेक्षा गप्प कुत्र्याकडे जास्त लक्ष हवं. पुढे येऊन पुन्हा मागे सरणारं, सतत भुंकणारं कुत्रं बऱ्याचदा स्वतःच बिचकलेलं असतं. अंग ताठ, मान खाली, नजर रोखलेली आणि आवाज बंद, असं येणारं जास्त धोक्याचं. टोळी असेल तर समोरचं भुंकत असताना दुसरं मागून पोटरी धरतं. म्हणून पाठ भिंतीला किंवा उभ्या गाडीला लावा आणि बाजूबाजूनं हळू सरका. डोळ्यांत रोखून पाहू नका, पण पाठही फिरवू नका. पिशवी, छत्री, हेल्मेट, जे हातात असेल ते गुडघ्याच्या उंचीला मधे धरा. दात बसायचेच असतील तर त्यावर बसू देत. जाड, खालच्या आवाजात एकदा ‘हट्’ पुरे. किंचाळलात किंवा पळालात की ती आणखी चेकाळतात, आणि पळण्यात माणूस कुत्र्याला मागे टाकू शकत नाही.

दगड उचलायला वाकणं हा आपल्याकडचा जुना उपाय. एकट्या कुत्र्यावर तो पुष्कळदा चालतो, दगड मारायची वेळही येत नाही. पण टोळीसमोर किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीसमोर वाकू नका, तुमचा चेहरा थेट तिच्या तोंडासमोर येतो. थंडीच्या दिवसांत पिल्लं जास्त दिसतात. पाइप, पार्क केलेल्या गाडीखालची जागा, बांधकामाची वाळू, अशा ठिकाणांपासून तेव्हा लांबूनच जावं.

दुचाकीवर खरा धोका चाव्यापेक्षा पडण्याचा. कुत्रं मागे लागलं की हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो, पाय वर जातात, तोल जातो, आणि समोरचा गतिरोधक दिसत नाही. उलट करा: वेग हळूहळू कमी करा, दोन्ही पाय जागेवर ठेवा, हँडल सरळ ठेवा, लाथ मारू नका. वेग उतरला की पाठलागाचा जोरही पुष्कळदा उतरतो. सायकल असेल तर उतरून ती मधे धरून चाला.

कुत्र्यानं धरलंच तर हिसका देऊ नका. दात रुतलेले असताना ओढलं की मांस फाटतं. खाली पडलात तर गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, बोटं मानेमागे गुंफून कान दंडांनी झाका. लहान मुलांना हे घरीच करून दाखवावं, कारण त्यांच्या बाबतीत चावा चेहऱ्यावर आणि मानेवर बसण्याची भीती जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू जखमेतच असताना तो धुऊन काढायची ही संधी आहे, आणि ती दोन मिनिटांत उरकून लोक रिक्षा शोधतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन, हे जंतुनाशक, लावा. हळद, चुना, तिखट काही नको. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत.

नुसतं खरचटलं, रक्त नाही, तरी रेबीजची लस हवी. रक्त आलं असेल तर लसीसोबत सीरमही, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आणि ते जखमेच्या आत व भोवती टोचतात. माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर वजनाच्या दर किलोला २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. नुसतं ‘इंजेक्शन झालं’ यावर समाधान मानू नका, सीरम दिलं का ते विचारा. लसीचा परिणाम दिसायला दिवस लागतात, तोवरचं संरक्षण या सीरमचं. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं.

लस त्वचेत दिली तर ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७, २८ या दिवशी, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८. मोठ्या माणसाला दंडात, कुल्ह्यावर कधीच नाही. कुत्रं ओळखीचं असेल तर १० दिवस त्याच्यावर नजर ठेवतात, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या.

लसीचं कार्ड जपून ठेवा. पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर ० आणि ३ असे दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही. कार्ड नसलं तर डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं.