देवाला मध्ये न घालता

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी दिवाणी बाजूला बरीच वर्षे बेंच क्लार्क होतो. त्या खुर्चीच्या वाट्याला येणाऱ्या कामांत साक्षीदाराला शपथ देणे हे सर्वांत लवकर उरकणारे काम असते. शिपाई नावाचा पुकारा करतो, साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहतो, क्लार्क शपथेचा एकेक तुकडा म्हणतो, साक्षीदार तो मागोमाग म्हणतो आणि स्टेनोची बोटे चालू होतात. चित्रपटांत दिसते तशी लाल कापडात गुंडाळलेली गीता आमच्या कोर्टात कधी नव्हती, ती असावी असे कायदाही सांगत नाही. तरीही गीता शोधत इकडेतिकडे पाहणारे साक्षीदार मला नेहमी भेटत, आणि ती नाही हे पाहून काहींचा हिरमोड झालेलाही मी पाहिला आहे.

ज्या दाव्याविषयी मी लिहीत आहे, तो गिरणारेच्या बाजूच्या एका गावातील दोन चुलतभावांमधला होता. जमिनीचे वाटप पूर्वीच तोंडी झाले होते. विहीर मात्र सामाईक राहिली होती, आणि टोमॅटोच्या हंगामात पाण्याची पाळी कोणाची यावरून प्रकरण कुऱ्हाडी निघण्यापर्यंत जाऊन शेवटी कोर्टात आले होते. वाटप आणि पाण्याची पाळी या दोन्ही गोष्टी पंचांसमोर ठरल्या, असे वादीचे म्हणणे होते. त्या पंचांपैकी हयात असलेले एकच गृहस्थ साक्षीला आले. वय ऐंशीच्या आसपास, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. तिचे मणी घामाने आणि वर्षांनी काळेभोर झाले होते. त्यांच्या सरतपासाचे, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षासाठी द्यायच्या मूळ जबानीचे, प्रतिज्ञापत्र आधीच दाखल झाले होते; २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपास बहुधा असा लेखीच येतो. त्या दिवशी फक्त प्रतिज्ञापत्र शाबित करणे आणि उलटतपास एवढेच बाकी होते.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “म्हणा, ईश्वराची शपथ घेऊन सांगतो की.” बाबा काही बोलले नाहीत. त्यांना ऐकू आले नसेल असे समजून मी तेच वाक्य मोठ्याने म्हणालो. तेव्हा ते न्यायाधीशांकडे वळून हात जोडून म्हणाले, “मॅडम, मी शपथ वाहत नाही. माळ घातल्यापासून कुणाच्या गळ्याची नाही वाहिली, देवाची तर नाहीच नाही. खरं बोलायला देवाला मधी कशाला घालायचं?”

प्रतिवादीचे वकील ताडकन उठले. साक्षीदार शपथ नाकारतो, याचा अर्थ त्याला सत्य सांगायचे नाही, ही बाब रोजनाम्यात नोंदवावी आणि साक्ष घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. शपथ घेण्यास नकार देणे हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७८ खाली गुन्हा होता, याचीही त्यांनी आठवण करून दिली. कलम त्यांनी बरोबर सांगितले, पण ते अर्धेच सांगितले, कारण १९६९ च्या शपथ अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा, म्हणजे खरे सांगण्याचे गांभीर्यपूर्वक वचन, करण्याची मुभा आहे आणि त्यासाठी कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ईश्वराचे नाव घ्यायला नको म्हणणारा तो नास्तिक, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. प्रत्यक्षात प्रतिज्ञेचा हा पर्याय इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रथम मिळवला तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अतिधार्मिक लोकांनी, कारण शपथ वाहू नका ही येशूची शिकवण ते अक्षरशः पाळत. नास्तिकांची पाळी फार उशिरा, नास्तिक खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या संसदेतील झगड्यानंतर १८८८ साली आली. आमचे बाबा बसत होते ते क्वेकरांच्या ओळीत.

इतक्यात मागच्या बाकावरून प्रतिवादी स्वतःच ओरडला, “त्यांना रामकुंडावर न्या. गोदावरीत उभं राहून, हातात पाणी घेऊन सांगू द्या, ते म्हणतील ते मला कबूल. मी आत्ताच लिहून देतो.” वादीच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला. खरे तर वकिलांच्याही आला, कारण रामकुंड काही तेथून फार लांब नाही आणि दावा अर्ध्या दिवसात निकाली निघत होता.

न्यायाधीश बाईंनी त्याला खाली बसवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितले. हा प्रकार पूर्वी खरोखरच कायद्यात होता. १८७३ च्या भारतीय शपथ अधिनियमानुसार एका पक्षकाराने ‘समोरच्याने अमुक प्रकारची खास शपथ घेतली तर मी बांधील राहीन’ असे म्हटले आणि समोरच्याने ती घेतली, तर त्या साक्षीतील कथन म्हणणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरत असे. १९६९ च्या कायद्यात ही कलमे ठेवली गेली नाहीत. तेव्हा कोर्ट नदीवर जाणार नाही. तुम्हाला आपसात मिटवायचे असेल तर खुशाल मिटवा आणि तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन, आणून द्या, तिची नोंद घेऊ. पुढे वकिलांनी आपापल्या पक्षकाराच्या कानात काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण पुरसिस काही आली नाही.

प्रतिवादीची मागणी हास्यास्पद होती असे मला वाटत नाही. मराठेशाहीतील गोतसभांपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभांपुढे, असे तंटे देवाचा बेल आणि भंडारा हाती उचलून शपथ घेतल्यावर तुटत, आणि पुरावा तुल्यबळ असला तर दिव्यापर्यंत, म्हणजे देवाच्या कौलाच्या अंगावरच्या कसोटीपर्यंत, जात. रवादिव्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे, मग तो हात पिशवीत बांधून मोहोर करीत आणि काही दिवसांनी उघडून पाहत. माणूस खोटे बोलेल, पण आपल्या दैवतापुढे बोलायला कचरेल, हा त्यामागचा हिशेब होता. इंग्रजांनीही सुरुवातीला तोच हिशेब धरून हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यायला लावले. मात्र यामुळे अब्रूदार आणि श्रद्धाळू माणसे साक्षीलाच येईनाशी झाली. तेव्हा १८४० च्या कायद्याने ती पद्धत बंद करून प्रतिज्ञा आणली. तिच्यात परमेश्वराचा उल्लेख होता, पण पाणी आणि ग्रंथ गेले. १८७३ च्या कायद्याने तर हिंदू व मुसलमान साक्षीदाराने शपथ न घेता प्रतिज्ञाच करावी, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे १९६९ पर्यंत जवळजवळ शंभर वर्षे या देशातील बहुतेक साक्षी शपथेवर नव्हे, प्रतिज्ञेवर झाल्या. रेकॉर्ड रूममधील जुन्या जबान्यांच्या माथ्यावर ‘सत्यप्रतिज्ञेवर’ असे का लिहिलेले असते, ते त्या दिवशी बाईंच्या तोंडून ऐकताना माझ्या ध्यानात आले. आम्हाला आडमुठे वाटलेले बाबा आपल्या आजोबांच्या काळची रीतच मागत होते.

मी प्रतिज्ञा दिली. बाबांनी ती शब्दाशब्दाला थांबत, पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात टेकवून म्हटली.

मग त्यांच्यापुढे प्रतिज्ञापत्र ठेवले गेले. सही माझीच, असे त्यांनी सांगितले. शेवटच्या पानावर त्या सहीच्या वेलांटीवरच गोल शिक्का उमटला होता, ‘माझ्यासमोर शपथ घेतली’ असे त्यावर होते. बाईंनी विचारले, “बाबा, तुम्ही शपथ वाहत नाही म्हणता, मग येथे काय केलेत?” ते म्हणाले, “तिथं कुणी म्हणायला सांगितलंच नाही. सही करा म्हटले, केली.” कोर्टात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आम्हा सर्वांना ते माहीत होते. शपथेचा मान अश्रद्धेने गेला असे लोक म्हणतात. माझ्या मते तो रांगेत गेला. उत्पन्नाचा दाखला असो, शाळेतील नाव असो, रेशन कार्ड असो, जिकडेतिकडे प्रतिज्ञापत्र मागून आपण त्या कागदाला पावतीची कळा आणली. २०१५ मध्ये राज्य शासनाने बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढून स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरवले, ते मला म्हणूनच योग्य वाटते. मंत्र्यांच्या शपथविधीत कोण ‘ईश्वरसाक्ष’ म्हणाले आणि कोण ‘गांभीर्यपूर्वक’ याची चर्चा वर्तमानपत्रे हौसेने करतात. संविधान सभेतही ईश्वराच्या नावावरून वाद झाला, ह. वि. कामथ आणि महावीर त्यागी यांनी ते नाव असावे असा आग्रह धरला आणि शेवटी दोन्ही पर्याय राहिले. पर्याय कोणताही घेतला तरी जबाबदारी तीच राहते, आणि चर्चा व्हायला हवी ती तिची.

उलटतपासात पाचव्या परिच्छेदाचा प्रश्न आला. वाटप झाले तेव्हा आपण हजर होतो, बांधावर स्वतः फिरून खुणा दाखवल्या, हे बाबांनी ठामपणे सांगितले आणि ते शेवटपर्यंत हलले नाहीत. पाण्याची पाळी ठरली तेव्हा? “तेव्हा मी नव्हतो. आषाढीचे दिवस, मी पंढरीच्या वाटेवर. आल्यावर कानावर आलं.” प्रतिज्ञापत्रात तर दोन्ही गोष्टी ‘माझ्यासमक्ष’ घडल्या असे छापलेले होते. वादीचे वकील चुळबुळले. फेरतपासात त्यांनी तेच तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले आणि बाबांनी तिन्ही वेळा पंढरीची वाटच सांगितली. मजकूर वाचून दाखवला होता का, या बाईंच्या प्रश्नाला उत्तर आले, “नाही. वाटपाचं लिहिलंय एवढं सांगितलं.” वकिलांच्या आक्षेपासह हे प्रश्नोत्तर जसेच्या तसे लिहून घेतले गेले.

आता प्रतिवादीच्या वकिलांचा पवित्रा बदलला. ज्याची साक्षच घेऊ नये म्हणत होते, त्याच्या प्रामाणिकपणाचे गोडवे युक्तिवादात गात त्यांनी पाळीबाबतचा पुरावा ऐकीव म्हणून बाजूला काढला, आणि बांधाच्या खुणांबाबत मात्र ‘या साक्षीदाराने शपथ घेतलेली नाही’ हे पालुपद चालू ठेवले. निकालात बाईंनी दोन्ही टोके एकाच साक्षीने बांधली. वाटप शाबित, पाळी नाशाबित, दावा अंशतः मंजूर.

प्रतिवादी अपिलात गेला आणि शपथेचा मुद्दा अपिलाच्या कारणांत पहिला होता. पण शपथ किंवा प्रतिज्ञा अजिबात दिली गेली नाही तरी तेवढ्याने साक्ष रद्द होत नाही आणि खरे सांगण्याचे बंधन सुटत नाही, असे शपथ अधिनियमाचे कलम ७ सांगते. त्याच धर्तीवर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच, जुना कायदा असताना, रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात, शपथ न दिलेल्या आठ वर्षांच्या मुलीची साक्ष ग्राह्य धरली होती. येथे तर रीतसर प्रतिज्ञा झालेली होती. जिल्हा न्यायाधीशांनी तो मुद्दा दोन ओळींत फेटाळला आणि पुढची सगळी पाने विहिरीवर खर्च केली.